शारजाची धावपट्टी

किंग अब्दुल अझीझ रस्ता शारजाच्या भर वस्तीतून जातो. दोन्ही बाजूंना बँका, दवाखाने, मोबाइलची दुकानं, वर भाड्याच्या घरांच्या गॅलऱ्या आणि खाली न थांबणारी वाहतूक. आजूबाजूच्या गल्ल्या जुन्या वस्तीच्या कलानं वळत जातात, हा रस्ता मात्र सुतात सरळ आहे. कारण तो रस्ता म्हणून आखलेलाच नव्हता. ही शारजाच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी. १९७६ सरता सरता विमानतळ गावाबाहेर गेला, मोकळ्या पट्टीच्या दोन्ही कडांना शहर उभं राहिलं आणि विमानांच्या जागी बसगाड्या धावू लागल्या.

शारजा म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट आठवतं, किंवा तिथे नोकरीला असलेला कुणी नातलग. माझाही एक मावसभाऊ तिथे राहतो, अल नहदा भागात, दुबईच्या हद्दीला लागून. त्याच्यासारखी हजारो माणसं रोज सकाळी दुबईला कामाला जातात, कारण घरभाडं शारजात कमी आहे. त्यामुळे शारजा म्हणजे दुबईचं उपनगर, असा समज होतो. मीही काहीसा तोच समज घेऊन गेलो होतो. पण या किनाऱ्यावरचा पहिला विमानतळ शारजात होता, हे कळलं तेव्हा गावाकडे पाहण्याची दिशाच बदलली.

धावपट्टीच्या रस्त्यालगत विमानतळाची जुनी इमारत आहे: अल महत्ता, म्हणजे स्थानक. आता ते संग्रहालय आहे. भोवती रहिवासी इमारतींची दाटी आणि मधेच एक बसका, पांढुरका किल्ला, त्याच्या शेजारी नियंत्रण मनोरा. सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात त्या भिंती. विमानतळाला किल्ल्याची तटबंदी कशाला हवी, याचं उत्तर मिळवायचं तर इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनं १९२९ मध्ये लंडन ते कराची हवाई सेवा सुरू केली. विमानं आखाताच्या इराणी किनाऱ्यानं येत. इराणनं ती परवानगी पुढे वाढवायला नकार दिला, तेव्हा ब्रिटिशांना समोरच्या अरबी किनाऱ्यावर थांबे शोधावे लागले. कुवेत, बहरीन, मग शारजा आणि तिथून ग्वादरमार्गे कराची असा नवा मार्ग ठरला. त्या वेळची विमानं रात्री उडत नसत, तेव्हा उतारूंना मुक्कामाला जागा लागे. शारजाच्या मागे कठीण, सपाट माळ होता. उतरायला तेवढं पुरेसं होतं. खरी अडचण होती ती माणसांना राजी करण्याची.

शारजाचे तेव्हाचे शासक शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांना घरातूनच विरोध झाला. विमानाच्या मागोमाग ब्रिटिश सत्ता आत येईल ही धास्ती होती, आणि पुढचा इतिहास पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. तरी २२ जुलै १९३२ रोजी करार झाला. शेखांनी मुक्कामासाठी तटबंदीचं विश्रामगृह बांधून द्यायचं आणि पहारेकरी पुरवायचे. त्या बदल्यात जागेचं भाडं महिना आठशे रुपये आणि शेखांना स्वतःला महिना पाचशे रुपये. हो, रुपयेच. या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत रुपया चालत होता. १९५९ पासून भारतानं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा एकेका अमिरातीनं तो सोडला. भाड्याचा हा आकडा वाचताना मला आखात एकदम जवळ आल्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहिलं विमान उतरलं. हॅंडली पेज एचपी ४२ जातीचं, वर-खाली दोन पंखांचं, चार इंजिनांचं, ताशी साधारण एकशे साठ किलोमीटर वेगाचं. सुरुवातीला उतारू तंबूत झोपले, मग तट उभा राहिला. विमान आलं की तारांचं कुंपण, संध्याकाळी दरवाजा बंद, बाहेर बंदूकधारी पहारा. वाळवंटातल्या टोळ्यांच्या हल्ल्याची भीती होती म्हणून बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत; सगळ्या खोल्या आतल्या चौकात उघडतात. आत पांढऱ्या चादरी, जेवणाचं टेबल, भिंतीवर हवामानाची नोंद आणि बाहेर उंट. १९३७ मध्ये ब्रिटिश चित्रपट निर्मात्यांनी या स्थानकाच्या एका दिवसावर ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा माहितीपट काढला. त्यामुळे त्या काळचा शारजा आज हलताना-बोलताना पाहता येतो. चौकात उभं राहिलं की ती चित्रं जागेवर बसतात: हा तो दरवाजा, हा तो मनोरा, इथे इंधन भरत होते.

त्या पहिल्या विमानानंतर बरोबर दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानात डाक घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतातल्या हवाई वाहतुकीचा तो आरंभ आपण शाळेत शिकतो. पण कराचीला त्या पिशव्या कुठून येत होत्या हे आपल्याला सहसा सांगितलं जात नाही. टाटांची सेवा जोडली होती ती लंडनहून येणाऱ्या याच इंपीरियल एअरवेजच्या डाकेला, आणि त्या डाकेचा आखातातला नवा मुक्काम होता शारजा. जुहूची धावपट्टी आणि शारजाचा हा माळ एकाच साखळीतल्या दोन कड्या होत. अल महत्तात मला सगळ्यांत जास्त वेळ याच विचारानं थांबवून ठेवलं.

हँगरमध्ये जुनी विमानं मांडली आहेत: डीसी-३, अ‍ॅन्सन, डव्ह. १९५० मध्ये बहरीनला स्थापन झालेल्या गल्फ एव्हिएशनच्या रंगांत ती उभी आहेत. मुलं त्यांच्याखालून धावत असतात. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला, युद्धानंतरही तो राहिला. १९५१ मध्ये किनाऱ्यावरच्या स्थानिक सैनिकी पथकाची उभारणीही शारजातच झाली. १९७१ मध्ये ब्रिटिश गेले आणि २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती हा देश झाला. विरोधकांची धास्ती अशी चाळीस वर्षं खरी ठरली होती.

महत्तातून जुन्या गावाकडे निघालो. शारजाचं जुनं गाव खाडीच्या काठाला आहे, आणि विमान यायच्या आधी गावाचं तोंड समुद्राकडेच होतं. उपजीविका मोत्यांची. जून ते सप्टेंबर असा मोठा हंगाम. नाखवा पथक जमवायचा, होड्या शिंपल्यांच्या जागांवर जाऊन नांगर टाकायच्या. पाणबुड्या नाकाला चाप लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई. वर दोरी धरून बसलेला माणूस त्याचा इशारा मिळताच त्याला ओढून घेई. दोघांचा जीव एका दोरीवर. हंगामाआधी घरखर्चाला उचल मिळे, ती हंगामात फिटली नाही तर कर्ज पुढच्या वर्षावर जाई आणि बाप गेला तर मुलाच्या डोक्यावर. किनाऱ्यावरची संपत्ती अशी पाणबुड्यांच्या कर्जावर उभी होती, हे बाजाराच्या सुंदर लाकडी दारांत उभं राहून विसरू नये.

आणि हे मोती जात कुठे? मुंबईला. भोकं पाडणं, प्रतवारी, ओवणं, तिथून पॅरिसपर्यंत विक्री, हा सारा व्यवहार मुंबईच्या बाजारात चाले. परतीच्या होड्यांतून तांदूळ, कापड, मसाले आणि लाकूड येई. बैत अल नबूदा हा मोत्यांच्या व्यापाऱ्याचा वाडा आता संग्रहालय आहे. भिंती समुद्रातल्या प्रवाळदगडाच्या, चुन्यानं लिंपलेल्या. आतल्या चौकातले खांब मात्र सागाचे, रोमन घाटाचे. इथे साग उगवत नाही, तो भारतातून आलेला. छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले कांदळवनाचे वासे, आणि या वाशांच्या लांबीपेक्षा खोलीची रुंदी जास्त करता येत नसे, म्हणून जुन्या शारजातल्या खोल्या लांबट आणि अरुंद आहेत. वाळवंटातलं घर तीन समुद्रकिनाऱ्यांच्या मालानं बांधलेलं. शेजारीच अल मिदफा कुटुंबाच्या बैठकीवर गोल वातमनोरा आहे. अमिरातींमधले इतर वातमनोरे चौकोनी; हा एकच गोल. खाली उभं राहिलं की वरून उतरणारा वारा मानेवर जाणवतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानी संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ ची जागतिक मंदी त्यावर पडली आणि आखातातला मोत्यांचा धंदा बसला. होड्या किनाऱ्याला लागल्या त्या परत सुटल्याच नाहीत. १९३२ चा करार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. तेराशे रुपयांसाठी शेखांनी परक्यांना जागा दिली असं म्हणणं सोपं आहे; गावाची चूल विझत असताना दुसरा कोणता पर्याय होता, हे सांगणं अवघड.

मुंबईशी असलेला दुसरा संबंध कडवट आहे, आणि तो अल हिस्न या शेखांच्या किल्ल्यात भेटतो. शारजा आणि रास अल खैमाचे कवासिम हे समुद्रावरचे बलाढ्य लोक. ब्रिटिशांनी त्यांना चाचे ठरवलं. पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१९ च्या अखेरीस, मुंबईहून आरमार निघालं. त्यात देशी पलटणीचे शिपाईही होते. रास अल खैमा पडलं आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी तहावर सह्या केल्या. त्यानंतर दीडशे वर्षं इथल्या परराष्ट्र व्यवहाराची किल्ली ब्रिटिशांकडे राहिली, आणि त्यातली पहिली पन्नासेक वर्षं ती मुंबई सरकारच्या हाती होती.

शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी हा चाचेगिरीचा आरोप तपासायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९८६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. आखातातली अरब चाचेगिरी हे ईस्ट इंडिया कंपनीनं व्यापारावर कबजा मिळवण्यासाठी रचलेलं मिथक होतं, असं त्यात मांडलं आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेली कागदपत्रं प्रामुख्यानं मुंबईच्या अभिलेखागारातली. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे दप्तर आहे, त्यात एका अरबी शहराची बदनामी आणि तिचं उत्तर, दोन्ही ठेवलेलं होतं. आपल्यापैकी किती जण त्या इमारतीवरून रोज जातात!

अल हिस्नची गोष्टही त्यांच्याशीच जोडलेली आहे. १८२० च्या दशकातला हा किल्ला १९६९-७० मध्ये पाडायला घेतला. तेव्हा कैरोत शिकत असलेले हे शेख बातमी कळताच धावत आले. तोवर एक बुरूज उरला होता. दारं, खिडक्या, तुळया जेवढ्या मिळाल्या तेवढ्या त्यांनी जपून ठेवल्या, मोजमापं घेतली, आणि शासक झाल्यावर १९९० च्या दशकात किल्ला पुन्हा उभा केला. शारजात फिरताना जपणुकीची ही ओढ जागोजागी दिसते. महत्ता टिकला तो त्यामुळेच. १९९८ मध्ये युनेस्कोनं शारजाला अरब जगाची सांस्कृतिक राजधानी ठरवलं, २०१९ मध्ये ते जागतिक ग्रंथ राजधानी झालं. नव्याने बांधलेल्या जुन्या गावात थोडा कोरेपणा आहे, हे खरं. भिंतीला हात लावला तर ती कालची वाटते. पण शेजारच्या शहरांत काय काय नाहीसं झालं ते पाहिल्यावर मला हा कोरेपणा चालला.

रोला चौकात एक वड होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेखांच्या पूर्वजांनी लावलेला. ईदेला त्याच्या फांद्यांना झोके बांधत, गाव तिथे जमे. १९७८ मध्ये तो वठला. आता तिथे त्याचं स्मारक आणि बाग आहे, आणि सुट्टीच्या दिवशी केरळ, आंध्र, बंगाल, पंजाबमधले कामगार हिरवळीवर बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. ईदेची गर्दी गेली, जमण्याची जागा तीच राहिली.

दुबई पुढे कशी गेली हे याच खाडीवर समजतं. शारजाची खाडी गाळानं भरत गेली आणि १९६० च्या सुमारास तिचं तोंड जवळजवळ बुजलं. त्याच वर्षांत दुबईनं कर्ज काढून आपली खाडी उपसली, आणि १९६० मध्ये स्वतःचा विमानतळही उघडला. माल आणि माणसं दोन्ही तिकडे वळली. त्याआधी १९३७ पासून पाण्यावर उतरणारी विमानं दुबईच्या खाडीत येत, पण त्यांचे उतारू रात्री झोपायला शारजाच्या महत्तातच येत. बारा-पंधरा किलोमीटरचं अंतर. पंचवीस वर्षांत पारडं पूर्ण फिरलं.

क्रिकेटचं मैदान वाटेत लागतं. एप्रिल १९८४ मध्ये इथे पहिला आशिया चषक झाला आणि सुनील गावसकरांच्या नेतृत्वाखाली भारतानं तो जिंकला. पुढे इथे दोनशेहून अधिक एकदिवसीय सामने झाले. २२ एप्रिल १९९८ च्या रात्री ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळ चालू असताना वाळूचं वादळ आलं, खेळाडू मैदानावर पालथे पडले, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर सचिननं १४३ धावा काढून भारताला अंतिम सामन्यात नेलं. दोन दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा काढून चषकही मिळवून दिला. मैदान टीव्हीवर वाटायचं त्याहून बरंच लहान आहे. त्या रात्री टीव्हीवर दिसलेली धूळ मला कायम खेळाचा भाग वाटली होती. इथे आल्यावर तिचा स्वभाव कळला. वारा फिरला की क्षितिज आधी पिवळं होतं, मग इमारतींचे वरचे मजले नाहीसे होतात आणि दातांखाली वाळू येते. वैमानिकांना या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त भीती याचीच असणार.

नवा विमानतळ गावापासून दहाएक किलोमीटर आत, वाळवंटाच्या बाजूला आहे. १ जानेवारी १९७७ रोजी तो सुरू झाला. घुमटांची इमारत दुबईच्या मानानं लहान. २००३ मध्ये एअर अरेबिया ही मध्यपूर्वेतली पहिली स्वस्त विमानसेवा इथून निघाली, आणि कोची, मुंबई, लाहोर, ढाका, काठमांडूच्या कष्टकऱ्यांना वर्षाआड घरी जाणं जमू लागलं. १९३२ मध्ये इथे उतरणारे उतारू साहेब लोक होते. आज रांगेत दोरीनं बांधलेली खोकी असतात, त्यांवर मार्करनं लिहिलेली गावांची नावं. शारजाच्या विमानतळाचा हा बदल मला त्याच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो.

विमानतळ मागे टाकून रस्ता म्लेहाकडे जातो. वाळूचा रंग पांढुरक्यापासून तांबूस होत जातो आणि अधूनमधून एकेकटी गाफची झाडं दिसू लागतात. गाफ हे अमिरातींचं राष्ट्रीय झाड. बारीक पानं, काटे, खाली उंटांनी सारख्या उंचीवर खाल्लेला घेर. जवळ जाऊन पाहिलं तर ही आपली शमी, अगदी तीच जात. दसऱ्याला पुजली जाणारी शमी इथे वाळूला धरून ठेवते, उंटांना चारा देते आणि खोल मुळांनी पाणी शोधते. तिच्याखालून पुढे गेलं की फाया डोंगराची करवतीसारखी रांग लागते. तिथे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. आफ्रिकेतून बाहेर पडलेला माणूस कोणत्या वाटेनं आला, या वादात या शोधामुळे दक्षिण अरबस्तानच्या वाटेला वजन आलं. २०२५ मध्ये या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

म्लेहाला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढची पाचशे-सहाशे वर्षं भरभराटीचं गाव होतं. ग्रीसच्या रोड्स बेटाचे शिक्के असलेल्या मद्यकुंभांच्या मुठी इथे मिळाल्या. मालकांसोबत पुरलेले उंट आणि सोन्याचा साज चढवलेला घोडाही मिळाला. समुद्रापासून इतक्या आत हे गाव जगलं ते डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांवर. २०२२ पासून याच परिसरात शारजानं शेकडो हेक्टरांवर गहू लावला आहे, गोड्या केलेल्या समुद्राच्या पाण्यावर. हिरवी वर्तुळं आणि मागे तांबडी वाळू पाहताना डोळा सरावत नाही. हा गहू किती महाग पडत असेल, हा प्रश्न मनात आला. पण खाण्याच्या जवळजवळ प्रत्येक दाण्यासाठी जहाजाची वाट पाहणाऱ्या देशाचा हिशेब वेगळा असतो, हेही पटलं.

म्लेहाच्या पुढे हजर पर्वत. २०१९ मध्ये खुला झालेला रस्ता बोगद्यांतून आरपार जातो आणि पलीकडे एकदम ओमानच्या आखाताचं निळं पाणी येतं: खोर फक्कान. दोन्ही समुद्रांना किनारा असलेली शारजा ही एकमेव अमिराती. अफोन्सो द अल्बुकर्कनं १५०७ मध्ये होर्मुझकडे जाताना हे गाव जाळलं, त्यानंतर तीनच वर्षांनी त्यानं गोवा घेतलं. आज इथे कंटेनरचं बंदर आहे. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडायच्या आतच ते लागत असल्यानं पूर्वेकडून आलेली मोठी जहाजं इथे माल उतरवून पुढे निघू शकतात. घाईचा माल इथून ट्रकवर चढतो, हजर पार करून शारजाच्या विमानतळावर जातो आणि तिथून विमानानं युरोपला. सबंध प्रवास जहाजानं केला तर वेळ जातो, सबंध विमानानं केला तर पैसा. म्हणून अर्धा समुद्र आणि अर्धं आकाश. बंदराच्या फाटकातून ट्रक एकामागून एक बाहेर पडत होते आणि आम्ही ज्या घाटानं आलो तोच घाट चढत होते.